लेक बाळंतपणाला आलीय, पायाला सूज आहे. कुठल्या सुजेला घाबरायचं?

सुदामानगरच्या काकू
५ जानेवारी, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. लेक पहिलटकरीण आहे, गेल्या आठवड्यात पुण्याहून आली. ३४ आठवडे भरलेत. डोहाळजेवण तिकडेच उरकलं, बाळंतपण मात्र माहेरी असं आधीपासून ठरलेलं. इथल्या एका नर्सिंग होममध्ये नाव नोंदवलंय, पुढची तपासणी १२ तारखेला.

आल्या दिवशी पाय सुजलेले होते. म्हटलं, रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत राहिले, होणारच. पण सहा दिवस झाले तरी सूज काही उतरून नाही राहिली. आज सकाळी तर बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढली. चेहराही भरल्यासारखा दिसतो. पण तो खरंच सुजलाय की मलाच तसं दिसतंय, कळत नाही, कारण घरातले बाकी सगळे म्हणतात छान तेज आलंय.

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचं सगळ्याला एकच उत्तर: ‘दिवसच तसे आहेत.’ पाय सुजले, दिवसच तसे आहेत. डोकं दुखलं, दिवसच तसे आहेत. त्यांची सहाही बाळंतपणं घरीच झाली. मुलं चार आहेत. उरलेल्या दोघांबद्दल त्या बोलत नाहीत आणि आम्ही कोणी कधी विचारलं नाही.

माझं स्वतःचं सिझर होऊन ३० वर्षं झाली, मला काही आठवत नाही. नेटवर वाचायला गेलं की सगळंच धोक्याचं वाटतं, शिंक आली तरी. मला एवढंच सांगा की कशाला धावायचं आणि कशाला नाही. आणि बाळ घरी आल्यावर काय बघायचं तेही सांगा, कारण तेव्हा मीच असणार आहे. लेकीला घाबरवायचं नाहीये.

---

निवृत्त सिस्टर, रामबाग
६ जानेवारी, सकाळी ६.०५

ताई, १२ तारखेची वाट बघू नका. आज जा. बीपी बघायचं आणि लघवी तपासायची, दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे.

आता सविस्तर. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळी. संध्याकाळी पाय सुजले, रात्री उशीवर पाय ठेवून झोपलं आणि सकाळी उतरले, ही सूज खरोखरच दिवसांची. तिला माझा काही विरोध नाही. पण सकाळी उठल्याउठल्या पापण्या जड, चेहरा सुजलेला, अंगठी रुतलेली, आठवड्यात वजन किलोच्या वर वाढलेलं, असं असेल तर आधी बीपी. नुसत्या सुजेवरून कुणालाच काही कळत नाही, मलाही नाही. आकडा लागतो.

घरात साठीची माणसं आहेत म्हणजे मशीन असेलच. लेकीला खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या पातळीत. बोलता बोलता घेतलेलं बीपी धरू नका. वरचा १४० किंवा खालचा ९०, दोन्हीपैकी एकही गाठला तर थोड्या वेळाने परत घ्या, आणि तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. १६० किंवा ११० दिसला तर फोनवर बोलत बसायचं नाही, गाडी काढायची.

आणि तीन गोष्टी तिला रोज विचारा, सहज, चहा पिता पिता. डोकं दुखतंय का, आणि गोळी घेऊनही थांबत नाही का? डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा धूसर दिसतं का? उजव्या बरगडीखाली दुखतं का? या तिसऱ्याने लोक फार फसतात. त्याला सगळे ॲसिडिटी म्हणतात. आणि आपलं इंदूर, सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफ्यातलं खाणं, ॲसिडिटी म्हटलं की पटतंच.

एक पोर आठवते, देवासकडची. २२ची असेल. कुणाच्या तरी लग्नाहून आली होती, पोटात वर दुखतंय म्हणून घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला. मग आमच्याकडे आणली आणि ओपीडीच्या रांगेत दीड तास उभी राहिली. तो दीड तास आमच्याच पदरचा, घरच्यांना नाही देता येत. मी बाहेर आले तर ती भिंतीला टेकून डोळे चोळत होती. विचारलं, काय गं? म्हणाली, ‘सिस्टर, समोरच्या पाटीवरची अक्षरं दोन-दोन दिसून राहिलीत.’ बीपी १७०/११०. केसपेपरवर नाव लिहीपर्यंत तिला झटका आला. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं, रात्रीच बाळंतपण केलं, दोघं वाचली. पण मला अजून त्या ओव्याचा वास येतो.

घरात कधी झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा आणि १०८ लावा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. हे हसण्यासारखं वाटेल, पण मी पाहिलंय.

बाळाची हालचाल. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं कमी होतं, हे तुम्हाला दहा जण सांगतील. चूक. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी लोळल्यासारखं वाटतं, पण ती कमी व्हायला नको. शंका आली की जेवून डाव्या कुशीवर झोपायला सांगा आणि मोजा. दोन तासांत दहा भरले नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना. ‘उद्या बघू’ नाही.

अंगावरून रक्त गेलं तर थोडं की फार, दुखतंय की नाही, हा विचार डॉक्टरांनी करायचा. न दुखता लालभडक जाणारं रक्त वार खाली असल्याचं असू शकतं, आणि पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखत असेल तर वार सुटल्याचं. दोन्हीत वेळ नसतो. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा. पांढरं सुती कापड किंवा पॅड लावा, म्हणजे रंग दिसेल. हिरवट असेल तर बाळाने आत शी केलीय, हे दारातच ओरडून सांगा. ३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक वेळाने आवळायला लागलं तर तेही अंगावर काढू नका. ताप, लघवीला जळजळ, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, बसल्याजागी धाप, हे सगळं दाखवायचंच.

हिमोग्लोबिन किती आहे ते लिहिलं नाहीत. ११च्या खाली असेल तर आतापासून लोहाच्या गोळ्या नेमाने. ७च्या खाली असेल तर तिच्या अंगात गमवायला रक्तच नाही, हे नर्सिंग होमला आधी विचारा: रक्ताची सोय कुठून करता? रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही लक्षात ठेवा, बाळ पॉझिटिव्ह निघालं की ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

बाळाचं दुपारी लिहिते. आता फुलं काढायची आहेत.

---

नवा बाबा
६ जानेवारी, सकाळी ९.४०

काकू, सिस्टरांनी लिहिलंय त्यात एकच भर घालतो, कारण आम्ही याच्यातच अडकलो होतो. बीपीचा धोका बाळंतपण झालं की संपत नाही.

माझ्या बायकोचं बीपी नऊ महिने एकदम व्यवस्थित. नॉर्मल डिलिव्हरी, तिसऱ्या दिवशी घरी. सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. आईने कानात कापूस घातला, स्कार्फ बांधला, वारं लागलं म्हणाली. मी म्हटलं झोप नाही झाली. दोघांनाही आपापलं पटलं. रात्री ती म्हणाली की ट्यूबलाइटभोवती झिगझॅग दिसतंय. बाबांचं मशीन काढलं, १६४/१०८. परत घेतलं, १६८.

खरी गंमत पुढे. कॅज्युअल्टीत गेलो (नाव नाही घेत), ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं काय होतंय, मी म्हणालो डोकं दुखतंय. मायग्रेन असेल म्हणून पेनकिलर लिहिणारच होता. मग मी म्हणालो सहा दिवसांची बाळंतीण आहे, तेव्हा त्याने पेन खाली ठेवला. म्हणून सांगतो, दारातून आत शिरताना पहिलं वाक्य ‘इतक्या दिवसांची बाळंतीण आहे’ हेच असू द्या. चांगले सहा आठवडे. साडी किंवा गाऊन बघून कुणाला कळत नाही.

आणि मशीनचे सेल तपासून ठेवा. आमचे त्या रात्री रिमोटमधून काढून लावले.

---

निवृत्त सिस्टर, रामबाग
६ जानेवारी, दुपारी २.३०

बरोबर सांगितलंस बाळा. हे आमचेही लोक विसरतात.

बाळंतिणीचं आधी सांगते, मग बाळाचं. बाळ आलं की सगळं घर बाळाकडे वळतं आणि आई गोधडीखाली एकटी पडते. सगळ्यात जास्त रक्त जाण्याची भीती पहिल्या २४ तासांत असते. मी नव्या पोरींना एकच शिकवायची: गोधडी वर करून बघ. वरून बाई शांत, चहाचा कप हातात, जरा पांढरी पडलीय, लोक म्हणतात थकलीय. खाली गादी भिजलेली. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं की आम्ही ते जास्त धरतो. साँचीची अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी डोळ्यांपुढे आणा. ती फरशीवर सांडली तर केवढी वाटते, आणि कापडात जिरली की काहीच वाटत नाही.

पोटावर बेंबीखाली हात ठेवून बघायला नर्सकडून शिकून घ्या. गर्भपिशवी नारळासारखी कडक लागली पाहिजे. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर लगेच नर्सला हाक मारा. घरी आल्यावर एका तासात पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, किंवा थांबत आलेलं रक्त परत लालभडक सुरू झालं, तर दवाखाना. ‘घाण रक्त आहे, जाऊ दे’ असं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते. रक्ताला घाण आणि चांगलं असं काही नसतं. घाण वास मात्र असतो, आणि तो आला, सोबत ताप आणि ओटीपोटात दुखणं असलं, तर जंतू गेलेत.

आता थंडी आहे म्हणून शेगडीचंही सांगते. शेक द्यायचा तर द्या, पण खिडकी बंद करून खोलीत कोळसे ठेवू नका. धुरीही नको. त्या धुराने आई आणि बाळ दोघं गुंगतात आणि लोक म्हणतात कशी गाढ झोपलीत.

बाळाचं. जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला लावायचं, चीक फेकायचा नाही. मध नाही, गुटी नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. नाळेला तेल, हळद, राख काही नाही, कोरडी राहू द्या. पहिले २४ तास आंघोळ नाही.

मग बघायचं काय? एक वाक्य आहे, ते ऐकलं की माझे कान उभे राहतात: ‘काय शहाणं बाळ आहे, रडतच नाही.’ कालपर्यंत दर दोन-तीन तासांनी तोंड उघडणारं बाळ आज दूध ओढत नाही, उठवावं लागतं, पाय गुदगुल्या केल्याशिवाय हलवत नाही, तर ते शहाणं नाही, आजारी आहे. नवजात बाळाला ताप यायलाच हवा असं नाही. कित्येकदा ते गारच पडतं. काखेत थर्मामीटर लावून ९९.५ किंवा वर आलं तरी दवाखाना, आणि ९६च्या खाली गेलं तरी दवाखाना. मधल्यामध्ये, पोट गरम आणि तळपाय गार लागले की आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून पांघरूण.

श्वास मोजायचा पूर्ण एक मिनिट. बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, सेकंदकाटा असलेल्या घड्याळावर. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, त्यांचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा जास्त आला तर परत मोजा, परत तसाच आला तर निघा. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडतो, कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे दिसतात, तर मोजतही बसू नका. झटके तर झालेच. लहान बाळाचे झटके मोठ्यांसारखे नसतात, एक हात सायकल मारल्यासारखा हलत राहतो किंवा डोळे एकीकडे लागतात. नाळेभोवतीची कातडी लाल किंवा पू. पहिल्या २४ तासांत शी-शू झाली नाही तर सांगायचं. वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, त्याला घाबरू नका, दोन आठवड्यांत भरून येतं.

आशा कार्यकर्ती घरी येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. शहरात लोक तिला दारातूनच परत पाठवतात, आमच्याकडे मोठे डॉक्टर आहेत म्हणून. पाठवू नका. घरी येऊन बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. त्यातल्या काही बायकांचं शिक्षण जेमतेम होतं. मोजता येत होतं, एवढं पुरलं.

---

विजयनगरची आई
६ जानेवारी, रात्री १०.१५

काविळीबद्दल मी लिहू का? सिस्टरांनी सोडलंय.

माझा मुलगा तिसऱ्या दिवशी पिवळा दिसायला लागला. सगळे म्हणाले होतेच, कोवळं ऊन द्या. आम्ही गच्चीवर घेऊन बसायचो, तोही डिसेंबर होता. आमच्या बेडरूमला हौसेने लावलेला पिवळा बल्ब आहे, त्यात तो दिवसभर छान गोरा-पिवळसर दिसायचा. पाचव्या दिवशी मालिशवाली मावशी आली. तिने त्याला उचलून खिडकीपाशी नेलं, कपाळाला बोट दाबलं, मग छातीला, मग मांडीला, मग तळपायाला. बोट उचललं की मधली जागा पांढरी व्हायला हवी, ती हळदीच्या बोटासारखी दिसत होती, थेट तळपायापर्यंत. मावशी म्हणाली, ‘आज तेल नाही लावत. डॉक्टरकडे जा.’

रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, बरंच वर होतं. माझा रक्तगट ओ, त्याचा बी, त्यामुळे असं होऊ शकतं म्हणे. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवला, डोळ्यांना पट्टी बांधून. उन्हाने ते काम होत नाही, उलट बाळ गारठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कावीळ फार वाढली तर मेंदूवर जाते.

पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर ते कधीच साधं नसतं, आणि तळहात-तळपाय पिवळे झाले तर तासही घालवू नका. आणि काकू, बाळाच्या खोलीत असा पिवळा बल्ब असेल तर तो बदला.

---

सुदामानगरच्या काकू
७ जानेवारी, रात्री ९.००

सगळ्यांचे किती आभार मानू. काल दुपारीच गेलो. बीपी १३८/८८, लघवीत प्रोटीन ‘ट्रेस’, म्हणजे अगदी किंचित. डॉक्टर म्हणाल्या आलात ते बरं केलंत, रोज दोनदा बीपी लिहून ठेवा, तीन दिवसांनी परत या. हिमोग्लोबिन १०.४. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

वही केली आहे. सासूबाईंना आवडलेलं नाही. आमच्या वेळी वह्या नव्हत्या म्हणाल्या.

---

सुदामानगरच्या काकू
२ फेब्रुवारी, रात्री ८.४०

कळवायला उशीर झाला. १९ तारखेला सकाळी वहीत १४६/९४ आलं, परत घेतलं, १४४/९६. डोकंबिकं काही दुखत नव्हतं, ती मजेत तिळाचा लाडू खात होती. आकडा नसता तर मी गेलेच नसते, खरं सांगते. दाखल करून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, रोज लघवी आणि रक्त तपासलं, आणि ३७ आठवडे भरताच कळा आणायचं ठरलं. २६ जानेवारीला, बाहेर शाळेची मुलं झेंडावंदनाला चाललेली, आणि मुलगी झाली. २ किलो ३०० ग्रॅम. अडीचच्या खाली म्हणून जास्त जपायला सांगितलंय, दिवसभर आलटून पालटून छातीवर घेऊन बसतो, जावईसुद्धा. लेकीचं बीपी घरी दोनदा बघते आहे, कालपासून १३०च्या आसपास.

सासूबाईंनी परवा विचारलं, ते श्वास मोजायचं काय म्हणत होतीस? सांगितलं. तेव्हापासून आजोबांचं जुनं किल्लीचं घड्याळ घेऊन पाळण्यापाशी बसतात. गुटीवरून भांडण अजून चालू आहे. काल रात्री त्या आपणहून म्हणाल्या, तिसरीला अशीच धाप लागली होती, आम्हाला वाटलं दूध जास्त झालं. एवढंच म्हणाल्या आणि परत मोजायला लागल्या.

आता सिस्टर, एक विचारायचंय. आत्ता त्यांनी मोजले तर ६२ आले. बाळ नुकतंच रडून थांबलंय. आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, मग भराभर चालतो. काय करू?

---

निवृत्त सिस्टर, रामबाग
२ फेब्रुवारी, रात्री ८.४६

रडल्यावर मोजलेलं धरू नका. मध्ये पाच-दहा सेकंद थांबून परत चालणं या वयात असतं, रंग बदलत नसेल तर चालेल. २० सेकंद थांबला किंवा ओठ निळे झाले तर लगेच १०८. दूध ओढलं का संध्याकाळी? छाती आत जातेय का बघा, दिवा लावून, दुपटं वर करून. लेकीला घेऊ दे अंगाशी, दहा मिनिटांनी पूर्ण मिनिट मोजा आणि आकडा इथे टाका. मी बसलेय.

---

सुदामानगरच्या काकू
२ फेब्रुवारी, रात्री ९.०३

दूध प्यायली. खड्डा नाही. मी मोजले ४८, सासूबाईंनी ४९.